दारू विकायला कोण लायक?

मागच्या गणपतीत गावी गेलो होतो. गाव म्हणजे खांब. मुंबई-गोवा हायवेने नागोठणं सोडलं, सुकेळी खिंड ओलांडली की कोलाडच्या अलीकडे लागतं ते. तालुका रोहा, जिल्हा रायगड. कोकणात जाताना तुम्ही आमच्या गावातून पन्नास वेळा तरी गेला असाल, पण थांबला नसाल. थांबावं असं तिथे फारसं काही नाही, हे मी गावचा असूनही कबूल करतो. हायवेच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं तेव्हा मी आठवीत होतो. ते पूर्ण व्हायची वाट बघता बघता माझी दहावी झाली, बारावी झाली, इंजिनिअरिंग झालं आणि नोकरीही लागली. असो, तो वेगळ्या वीकांताचा विषय आहे.

हायवेला काकांचं छोटं हॉटेल आहे. सकाळी वडा-मिसळ, दुपारी थाळी, रात्री चिकन-भाकरी. दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन करून आलो, तर काका ओटीवर लॅपटॉपची वाट बघत बसले होते. घरात एक इंजिनिअर असला की तो घरच्यांच्या दृष्टीने फॉर्म भरणारा माणूस असतो. रेल्वेचं तिकीट, सातबारा, पॅनकार्ड, सगळं त्याच्याकडे.

"हे बघ," काका म्हणाले, "परमिट रूमचा अर्ज आता ऑनलाइन असतो म्हणे. जरा बघून दे. आणि फी भरायची वेळ आली तर थोडे तुझ्याकडून लागतील."

थोडे म्हणजे किती हे मी विचारायच्या आत आतून आजीचा आवाज आला. "या घरात दारूचा परवाना येणार नाही. मी मेल्यावर काय तो आणा."

आजी त्र्याऐंशी वर्षांची आहे आणि असल्या धमक्या ती सहसा देत नाही. (काकांनी हॉटेलात अंडी ठेवायला सुरुवात केली तेव्हासुद्धा दिली नव्हती.) काका गप्प झाले. मी लॅपटॉप मिटला. पण डोक्यात एक प्रश्न राहिला तो राहिलाच. दारू विकायला लायक माणूस कोण, हे आजवर कुणी आणि कसं ठरवलं? त्यानंतरचे चार-पाच शनिवार-रविवार मी याच्यामागे घालवले. त्याचा हा वृत्तांत.

सुरुवात मात्र खांबपासून नाही, इंग्लंडपासून करतो, कारण हा प्रश्न मला पहिल्यांदा तिथे पडला होता. कंपनीने आठ महिन्यांसाठी ऑनसाईट पाठवलं होतं. मी जिथे भाड्याने राहायचो, त्याच्या खालीच एक दुकान होतं. दूध, ब्रेड, लॉटरी आणि मागच्या फळीवर दारू. मालक गुजराती. त्यांचा माझ्याच वयाचा मुलगा एकदा काउंटरवर पुस्तक उघडून घोकत बसला होता. मला वाटलं ड्रायव्हिंगची परीक्षा असेल. तर म्हणाला, नाही, दारू विकायची परीक्षा आहे!

तिथे २००३ चा लायसन्सिंग कायदा नोव्हेंबर २००५ पासून लागू झाला. त्याने एक गंमतशीर गोष्ट केली. परवान्याचे दोन तुकडे केले. एक जागेचा, एक माणसाचा. माणसाच्या परवान्याला पात्रता अगदी थोडक्यात: वय १८ पूर्ण पाहिजे, मान्यताप्राप्त परीक्षा पास पाहिजे, ठराविक गुन्ह्यांची शिक्षा नावावर नको, आणि मागच्या पाच वर्षांत असा परवाना जप्त झालेला नको. फी ३७ पौंड. परीक्षा म्हणजे चार पर्यायांतून एक निवडायचे चाळीस प्रश्न. आपल्याला पीएमपी नाहीतर क्लाउडचं सर्टिफिकेशन असतं तसलाच प्रकार. २०१५ पासून तर दहा वर्षांनी नूतनीकरण करायचीही भानगड गेली. एकदा मिळाला की मिळाला. दुकान बदला, गाव बदला, परवाना तुमच्या खिशात.

हे सगळं इतकं स्वच्छ वाटतं, पण तिथपर्यंत यायला त्यांना साडेचारशे वर्षं लागली. १५५२ साली इंग्लंडात पहिल्यांदा कायदा झाला की दोन मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय गुत्ता उघडायचा नाही, आणि चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्यायचा. १८३० मध्ये गाडी एकदम उलट्या दिशेला गेली. कर भरणारा कुणीही दोन गिनी भरून घरात बिअर विकू शकेल असा कायदा आला. हजारोंनी घरं रातोरात बिअरची दुकानं झाली, आणि पुढची कित्येक वर्षं सरकार ते निस्तरत बसलं. त्यानंतर लांबलचक काळ "योग्य आणि लायक व्यक्ती" ही कसोटी मॅजिस्ट्रेटच्या मर्जीवर चालली. परीक्षा हे अगदी अलीकडचं उत्तर.

आपल्याकडची उत्तरं वेगळी आहेत. आणि गंमत म्हणजे त्यातली बरीचशी इंग्रजांनीच दिलेली आहेत.

आधी पेशवाई. न्यायमूर्ती रानड्यांनी पेशव्यांच्या रोजनिशींचा अभ्यास करून १९०० च्या सुमारास जो निबंध लिहिला, त्यात पेशव्यांच्या दारूबंदीबद्दल आहे. दारू गाळायला आणि विकायला बंदी, पण अपवाद होते. कोकणात पोर्तुगीजांकडून घेतलेल्या मुलखातले कोळी, भंडारी वगैरे लोकांना सूट. तोफखान्यातल्या ख्रिस्ती लोकांना त्यांच्यापुरती भट्टी लावायची मुभा. म्हणजे पात्रता ठरायची ती जातीवर आणि कामावर. प्रश्न "विकणारा कोण" असा नव्हताच, "पिणारा कोण" असा होता. आपल्या भाषेत सांगायचं तर इफ-एल्सची शिडी लावली होती आणि सगळ्यात खालच्या एल्समध्ये ब्राह्मण होते.

किनाऱ्यावर, म्हणजे अलिबाग, रेवदंडा, मुरुडकडे, विकणारा कोण हा प्रश्न तसाही कुणाला पडत नसावा. भंडारी माडावर चढायचा, कोयत्याने पोय छेदायचा, मडकं बांधायचा. सकाळी नीरा, दुपारपर्यंत ताडी-माडी, आणि गाळली की दारू. ज्याला माडावर चढता येतं तो लायक! कौशल्य हाच परवाना. (दोराशिवाय साठ फूट चढून दाखवा, मग इंग्लंडच्या चाळीस प्रश्नांबद्दल बोलू.) आमच्यासारख्या डोंगराकडच्या भागात माड कमी. तिथे मोहाची फुलं. कातकरी, ठाकूर ती गोळा करायचे, खायचे, उपासमारीच्या दिवसांसाठी साठवायचे आणि त्यांचीच दारू गाळायचे.

१८४० मध्ये आंग्र्यांचं कुलाबा संस्थान इंग्रजांनी खालसा केलं. १८६९ मध्ये कुलाबा हा वेगळा जिल्हा झाला (त्याचं नाव रायगड झालं ते थेट १९८१ मध्ये). आणि १८७८ मध्ये मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. त्या वेळचे अबकारी आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड हा या सगळ्याचा कर्ताकरविता. हे प्रकरण मला फार इंटरेस्टिंग वाटलं, कारण ते निव्वळ सिस्टीम डिझाइन आहे. गावोगाव विखुरलेल्या हजारो भट्ट्यांवर कर कसा बसवायचा? अशक्य. मग काय करायचं, तर भट्ट्याच बंद करायच्या. मोजक्या मध्यवर्ती डिस्टिलरी ठेवायच्या. दारू तिथेच बनेल, दारातून बाहेर पडतानाच तिच्यावर कर बसेल. विकायचा हक्क मक्त्याने द्यायचा, जो सरकारला जास्त रकमेची हमी देईल त्याला. आणि ताडीच्या बाबतीत प्रत्येक झाडावर कर आणि झाड छेदायला परवाना.

म्हणजे रातोरात पात्रतेची व्याख्या बदलली. कालपर्यंत ज्याला बनवता येतं तो विकत होता. आता ज्याच्याकडे पैसे आहेत तो विकणार. मक्तेदारांत मुंबईचे पारशी बरेच होते. त्यांनी काही वाईट केलं असं नाही, धंदा होता, केला. पण ज्या भंडाऱ्याच्या आज्याने माड लावला तो स्वतःच्या माडावर परवान्याशिवाय चढला की गुन्हेगार झाला. झाडकर वाढत गेला तशी ताडी महाग झाली आणि डिस्टिलरीची कडक दारू त्या मानाने परवडू लागली. भंडाऱ्यांनी अर्ज-विनंत्या केल्या, तक्रारी केल्या. फार काही झालं नाही.

मोहाचं तर त्याहून पुढचं. भट्टी बंद केली तरी डोंगरातला माणूस रात्री मडकं चढवतो. त्याला पकडणार कसं? उत्तर: फुलंच धरायची. १८९२ चा मुंबईचा मोह कायदा यासाठी झाला आणि तो लावला कुठे, तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत. म्हणजे आमच्याकडे. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त मोहाची फुलं घरात ठेवणं हा गुन्हा. झाडाखाली पडणारं फूल! जे पोटाला खायचं, त्याचाच साठा केला म्हणून कारवाई. मी हे वाचलं तेव्हा दोनदा तपासून पाहिलं. महाराष्ट्र सरकारने मोहफुलांच्या गोळा करण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवायचा निर्णय घेतला तो २०२१ मध्ये. मधे १२९ वर्षं.

सगळेच गप्प बसले होते असं नाही. जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये पुण्यात दारूची दुकानं वाढवायला विरोध करणारं पत्र नगरपालिकेला लिहिलं होतं. १८८९ मध्ये खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटात हिंदुस्थान सरकारच्या दारूधोरणावर टीकेचा ठराव मंजूर झाला. १९०८ मध्ये पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने दारूच्या दुकानांवर निदर्शनं झाली. आणि मोह कायद्यानंतर तीन वर्षांनी, १८९५ मध्ये, आमच्या शेजारच्या पेण तालुक्यात गागोद्याला विनोबा जन्मले. पुढे दारूबंदी हा त्यांच्याही कार्यक्रमाचा भाग झाला. पण सरकारची अडचण समजण्यासारखी होती. १९२० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या उत्पन्नाचा जवळजवळ चौथा हिस्सा अबकारीतून यायचा. चौथा हिस्सा महसूल देणारं प्रॉडक्ट कुठली कंपनी बंद करते?

काँग्रेसवाल्यांनी ते करून दाखवलं हे मान्य करावं लागेल. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी लावली. ती फार टिकली नाही. मग स्वातंत्र्यानंतर पुन्हा खेर मुख्यमंत्री, मोरारजी देसाई गृहमंत्री, आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण राज्य कोरडं. आता विकायला लायक कोण? कुणीही नाही. हे झालं तिसरं उत्तर.

खरं तर "कुणीही नाही" हे पूर्ण खरं नव्हतं. कायद्यात परमिटं होती. परदेशी लोकांना, राजदूतांना, आणि तब्येतीसाठी लागते असं प्रमाणपत्र आणणाऱ्यांना. मे १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टाने बलसारा खटल्यात या कायद्याची काही कलमं रद्द केली, पण बंदीचा मुख्य ढाचा उभा ठेवला. "परमिट रूम" हा आपला अस्सल मराठी शब्द इथून आलाय. परमिट असलेल्याने बसून प्यायची खोली. कुठल्या दुसऱ्या राज्यातल्या मित्राला हा शब्द सांगून बघा, त्याला कळत नाही. आणि तुम्ही शुक्रवारी बाणेरला किंवा हिंजवडीला बसता तेव्हा कागदोपत्री तुमच्याकडेही परमिट असावं लागतं बरं का! एक दिवसाचं पाच रुपयांचं, वर्षाचं किंवा आयुष्यभराचं. बिअरला वय २१, कडक दारूला आणि देशीला २५. आणि ते परमिट मूळ कल्पनेनुसार आरोग्य राखण्यासाठी असतं. म्हणजे आपण सगळे औषध घेत असतो :-) हा १९४९ चाच कायदा आजही चालू आहे, फक्त नावातलं "मुंबई" जाऊन "महाराष्ट्र" आलं. दारू विकायचे सगळे परवाने दारूबंदीच्या कायद्याखाली मिळतात. एवढं जुनं लेगसी कोड मी बँकेच्या प्रोजेक्टमध्येही पाहिलेलं नाही.

इथे आजीकडे यावं लागेल.

दिवाळीत परत गेलो तेव्हा मी तिला हे सगळं सांगत बसलो होतो. प्रिचर्ड, मोह कायदा, १९५०. ती सुपात तांदूळ निवडत होती. १९५० म्हटल्यावर हात थांबला.

"माझ्या बापाला नेला होता," ती म्हणाली.

हे मला माहीत नव्हतं. माझ्या वडिलांनाही नव्हतं. आजीचं माहेर डोंगराच्या बाजूचं. तिचा बाप खंडाने शेती करायचा आणि पावसाळा सरला की गूळ-नवसागर घालून भट्टी लावायचा. त्याच्या बापानेही लावलेली, त्याच्याही बापाने. आधी मोहाची, मग मोह मिळेना तशी गुळाची. आजी म्हणाली, तो पीत नव्हता. माळकरी नव्हता, पण पीत नव्हता. विकायचा. दोन गावांत त्याचं नाव होतं, की याच्या मालाने डोकं दुखत नाही. ती दहा-अकरा वर्षांची असताना एका पहाटे धाड पडली. मडकी फोडली. त्याला दोरी बांधून चालवत नेला. तीन महिने अलिबागच्या हिराकोटात. (हिराकोट म्हणजे कान्होजी आंग्र्यांनी बांधलेला किल्ला, त्यात आता जिल्ह्याचं कारागृह आहे. शाळेच्या सहलीत आम्हाला कुलाबा किल्ला दाखवला होता आणि जाता जाता हा लांबून.)

"मग तुम्ही काय खाल्लंत?" मी विचारलं.

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आई लावायची. मी पोचवायची. दुधाच्या किटलीत. वर दूध नाही हां, वर ताक. दूध फाटतं."

मी आजीकडे बघतच राहिलो. आयुष्यभर एकादशी करणारी, चहासुद्धा बशीत ओतून फुंकून पिणारी माझी आजी. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखालची फरार आरोपी :-)

हसण्यासारखं एवढंच. बाप सुटून आला तो प्यायला लागलेला आला. आत कुणाच्या संगतीने, की बाहेर आल्यावर लाजेने, तिला सांगता येत नाही. भट्टी पुन्हा लावली, पण आता माल विकण्याआधी संपायचा. खंडाची जमीन सुटली. चाळिशीत गेला. "लोक म्हणायचे दारू विकून दारूने मेला," आजी म्हणाली. "विकत होता तेव्हा मेला नव्हता. तेव्हा नऊ माणसं जेवत होती."

आणि तरीही काकांना परवाना नको. मी तिला हे विचारलं, की मग तर तू परवान्याच्या बाजूची हवीस. तुझ्या वडिलांकडे कागद असता तर ते आत गेले नसते. तिने सूप खाली ठेवलं. "कागद त्याला कुणी दिला असता? त्याला सही येत नव्हती."

या एका वाक्यात १८७८ पासूनचा इतिहास आहे, आणि माझे पाच वीकांत तिथे जरा फुकट गेल्यासारखे वाटले.

पुढचं भराभर सांगतो. दारूबंदीने हातभट्टी वाढली, मुंबईत घराघरात "आंट्या" विकू लागल्या, विषारी दारूने माणसं मेली, पोलिसांना वेगळं उत्पन्न सुरू झालं. साठच्या दशकात वसंतराव नाइकांच्या सरकारने बंदी टप्प्याटप्प्याने सैल केली आणि सत्तरीच्या सुरुवातीला ती जवळजवळ उठलीच. १९७३ मध्ये महाराष्ट्र देशी दारू नियम आले. सीएल-३ म्हणजे देशीचं दुकान, एफएल-२ म्हणजे ज्याला आपण वाइन शॉप म्हणतो ते, एफएल-३ म्हणजे परमिट रूम. ही अक्षरं काका सध्या जपमाळेसारखी म्हणत असतात.

आणि लगेच सरकारला चूक झाली की काय असं वाटलं असावं. कारण सत्तरीच्याच दशकात नवी देशी दुकानं आणि नवी वाइन शॉप देणं थांबवलं गेलं. जे परवाने तेव्हा होते तेवढेच फिरत राहिले. बापाकडून मुलाकडे, भागीदाराकडून भागीदाराकडे, या गावातून त्या शहरात. आता पुण्यात एका परवान्याची किंमत कोटींत बोलली जाते. म्हणजे चौथं उत्तर: ज्याच्याकडे आधीपासून आहे तो लायक. परीक्षा नाही, कौशल्य नाही, लिलावसुद्धा नाही. फक्त १९७० च्या सुमाराला कुणाचे वडील योग्य रांगेत उभे होते ते बघायचं.

परमिट रूमला मात्र नवे परवाने मिळत आले, म्हणून काकांची आशा. तिथे माणसाबद्दलच्या अटी थोड्या आहेत. वय, चारित्र्य, सरकारी थकबाकी नको. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली तर दिलेला परवानाही रद्द होऊ शकतो. काउंटरवर उभ्या राहणाऱ्या नोकराचा "नोकरनामा" लागतो, अबकारी अधिकाऱ्याच्या सहीचा. इंग्लंडच्या त्या पोराच्या परवान्याच्या जवळ जाणारी आपल्याकडची गोष्ट कुठली असेल तर ती ही. फरक एवढाच की नोकरनामा नोकराच्या खिशात जात नाही, तो त्या दुकानापुरता. मालक बदलला की पहिल्यापासून. (दिल्लीत तर बारमध्ये बाईने आणि पंचविशीच्या आतल्या पुरुषाने काम करायलाच बंदी होती. ती २००७ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने घटनाबाह्य ठरवली.)

खऱ्या अटी सगळ्या जागेबद्दल आहेत. शाळेपासून अंतर, देवळापासून अंतर, एसटी स्टँडपासून अंतर. माणूस कसा आहे यापेक्षा दार कुठे उघडतं याला महत्त्व. आणि बायकांचं मत. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या पंचवीस टक्के महिलांनी मागणी केली की गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. झालेल्या मतदानाच्या निम्म्या नव्हेत, एकूण मतदारांच्या. जी मुंबईला कामाला गेली तिचं न पडलेलं मत उभ्या बाटलीच्या खात्यात! तरीही कित्येक गावांनी हे करून दाखवलं.

आता मुद्द्याचं. १५ डिसेंबर २०१६ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, १ एप्रिल २०१७ पासून. रस्त्यावरच्या अपघातांचं कारण दिलं होतं, आणि आमच्या हायवेवर राहणाऱ्या माणसाला ते कारण समजावून सांगावं लागत नाही. ३१ मार्चला, म्हणजे आदल्या दिवशी, कोर्टाने लहान गावांसाठी अंतर २२० मीटर केलं. वीस हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या स्थानिक संस्थांच्या हद्दीत. खांब त्यात आरामात बसतं. मग लोकांनी काय काय केलं! केरळात एका बारवाल्याने जागा न हलवता दारापुढे भिंतींचा चक्रव्यूह बांधला, म्हणजे चालायचं अंतर वाढेल. हे वाचून मला आमच्या क्यूए टीमची आठवण झाली. रिक्वायरमेंट अक्षरशः पूर्ण, हेतू शून्य.

जुलै २०१७ मध्ये कोर्टाने सांगितलं की नगरपालिका हद्दीतल्या दुकानांना हे लागू नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये आणखी सैल केलं: ग्रामपंचायतीच्या भागातही, तो भाग शहरासारखा झालाय का, हे राज्य सरकारने ठरवावं. म्हणजे काकांच्या अर्जाचं सगळं ओझं एका प्रश्नावर येऊन बसलं. खांब शहरासारखं आहे का?

आम्ही ओटीवर बसून या प्रश्नावर गंभीरपणे विचार केला. एक एटीएम आहे, बरेचदा बंद. रिक्षा स्टँड आहे. चायनीजची गाडी आहे. काकांच्या मते एवढं पुरे. चुलतभाऊ म्हणाला, वरच्या पेट्रोलपंपावर पिझ्झा मिळायला लागलाय. मी म्हटलं, कोर्टात सांगू.

मग टेप घेऊन मोजायला गेलो. हॉटेलच्या दारापासून जुन्या रस्त्याची कड आणि नव्या रस्त्याची कड. चौपदरीकरणात हायवे दोन्ही बाजूंनी रुंद झाला, काकांचं अंगण त्यात गेलं, त्याचे पैसे मिळाले आणि संपलेही. आता दारातून बाहेर पाऊल टाकलं की सर्व्हिस रोड. २२० मीटर सोडा, बावीसही नाहीत. मागच्या बाजूला शेत आहे, ते हायवेपासून २४०-२५० मीटरवर संपतं. काकांनी तिकडे बोट दाखवलं. "तिथे शेड टाकली तर?"

त्या शेताच्या टोकाला, बांधावर, आजी रोज संध्याकाळी वाल बघायला जाते.

कोणी काही बोललं नाही. चुलतभावाने टेप गुंडाळायला घेतली, ती मधेच अडकली, काका "नीट धर रे" म्हणून त्याच्यावर ओरडले. घरी आलो तर आजीने विचारलं, किती भरलं? काकांनी सांगितलं. ती म्हणाली, शेडला पत्रे टाकू नकोस, उन्हाळ्यात तापतात, कौलं टाक. आणि आत निघून गेली.

याचा अर्थ हो होतो की नाही, यावर घरात अजून वाद चालू आहे. अर्धा भरलेला फॉर्म माझ्या लॅपटॉपवर सेव्ह आहे. सेशन मात्र कधीच एक्स्पायर झालं.